रेडिएशनचा थकवा आणि भाड्याच्या तीन वस्तू : एका रुग्णसाहित्य केंद्राचा अनुभव

पुण्यातील एका पेठेत चालणाऱ्या रुग्णसाहित्य केंद्रातून गेल्या वर्षी मी माझ्या यजमानांसाठी डोक्याकडची बाजू वर करता येणारी लोखंडी कॉट, व्हीलचेअर आणि अंघोळीची खुर्ची अशा तीन वस्तू भाड्याने आणल्या. अशा केंद्रांविषयी जे ऐकायला मिळते ते बहुधा पाय मोडलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या घरून. आमच्याकडे हातपाय शाबूत होते, अंगातले बळ तेवढे गेले होते, आणि या फरकामुळेच केंद्राच्या सेवेतील चांगले-वाईट दोन्ही आमच्या लक्षात आले.

यजमानांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, एकूण ३० वेळा रेडिएशन घ्यायचे ठरले. रुग्णालयाच्या बाकावर त्याला सगळे ‘लाइट’ म्हणतात आणि ‘तुमच्या किती झाल्या?’ या प्रश्नाने तिथे ओळख होते. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवून घेतलेला जाळीचा मुखवटा टेबलाला घट्ट अडकवतात. यजमान बाहेर येत तेव्हा त्या जाळीचे चौकोन त्यांच्या कपाळावर उमटलेले असत. यंत्राखालचा वेळ थोडा, वाट पाहण्याचा जास्त. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र थकवा उतरायचे नाव घेईना. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नसे, आणि दात घासून झाले की दम खाण्यासाठी ते बेसिनला धरून उभे राहत. तोंड आल्यामुळे जेवण पातळ खिमटावर आणि ताकावर आले होते, त्याची भर वेगळीच. उपचार संपल्यावरही पंधरा दिवस हा थकवा वाढू शकतो, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

केंद्र एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात ही वेळ, रविवारी बंद. आमची ‘लाइट’ साडेअकराची असल्याने सकाळची वेळ निरुपयोगी होती आणि संध्याकाळी यजमानांना घरी एकटे सोडून जावे लागे. सामान घरपोच मिळत नाही; टेम्पो आपणच पाहायचा. मात्र वस्तू स्वच्छ होत्या आणि अनामत रकमेची पावती चोख मिळाली. उणीव होती ती विचारपूस करण्यात. ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकताच तेथील गृहस्थांनी नोंदवहीत लिहिता लिहिता ‘मग कॉटच न्या’ असे सुचवले आणि मीही विचार न करता मान डोलावली.

कॉटचा सल्ला आमच्यासाठी चुकीचा ठरला. ती बाहेरच्या खोलीत मांडल्या क्षणापासून घराचा दवाखाना झाला. यजमान दिवसभर तिच्यावरच पडून राहू लागले आणि जितके पडून राहत तितके उठणे जड होई. आठवड्याच्या तपासणीत हे सांगितल्यावर डॉक्टरांनी रक्तातले हिमोग्लोबिन पाहून घेतले आणि सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटे घरातल्या घरात चालायला सांगितले. या थकव्यावर अखंड विश्रांती हे औषध नाही, बेताची हालचाल हवी, असे त्यांचे म्हणणे होते. नवव्या दिवशी कॉट परत केली. भाडे पूर्ण महिन्याचे कापले गेले, जे नियमाला धरून असले तरी मला खटकले.

व्हीलचेअरची कथा निराळी. ती २५ इंच रुंद आणि आमच्या न्हाणीघराचे दार २४ इंचांचे, त्यामुळे घरात तिचा उपयोग शून्य. खुर्ची देताना दाराचे माप कोणी विचारत नाही, म्हणून नेणाऱ्याने ते स्वतः घेऊन जावे. शिवाय एका पायटेकूचा स्क्रू ढिला होता. तो मी घरच्या पान्याने आवळला. रुग्णालयात मात्र तिचे मोल कळले, आणि तेही अनपेक्षित रीतीने. पहिल्या दिवशी ‘अहो, बसा ना जरा’ म्हटल्यावर यजमान म्हणाले, ‘मी अजून चालतोय ना? तुझी फाइल ठेव तिच्यावर.’ मग फाइल, पाण्याची बाटली आणि माझी पिशवी खुर्चीवर ठेवून तिच्या दांड्यांना धरून ते स्वतःच ती ढकलू लागले. मी चाकाशेजारून चालत असे. लांबलचक मार्गिकेच्या मध्यावर पाय थांबले की मी ब्रेक लावून पिशवी उचलायची आणि काही न बोलता त्यांनी बसायचे, असा आमचा क्रम ठरून गेला. पाचव्या आठवड्यापासून ते फाटकापासूनच बसू लागले. तेव्हा मी विषय काढला नाही.

सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत कामाची निघाली. अंघोळीची खुर्ची म्हणजे ॲल्युमिनियमच्या चार पायांवर भोके पाडलेली प्लास्टिकची बैठक, पायांची उंची कमी-जास्त करता येते आणि खाली रबरी बूच असते. उभ्याने अंघोळ केल्यावर यजमानांना अर्धा तास आडवे व्हावे लागे. बसून अंघोळ केल्यावर ते थेट चहाला येऊ लागले. मानेच्या भाजल्यासारख्या झालेल्या कातडीवर मी कोमट पाणी हळूहळू सोडत असे, तेव्हा त्यांना तोल सांभाळायचा नसे आणि मलाही धास्ती नसे. हे पाहून मी घरातल्या दोन स्टुलांपैकी एक बेसिनपाशी आणि एक जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ठेवले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. शेजाऱ्यांनी ते स्टूल कधी हलवले नाही, याचा उल्लेख इथे विषयाला सोडून असला तरी करतेच.

दुसऱ्या खेपेस केंद्रात एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी जिना किती पायऱ्यांचा, न्हाणीघरात फरशी कोणती, रुग्ण स्वतः उठतो का, असे सगळे विचारले आणि रबरी बुचांचा नवा संच फुकट दिला. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असतात. शक्य असेल तर त्याच वेळी जावे.

व्हीलचेअरला महिन्याला ३०० रुपये, अंघोळीच्या खुर्चीला १०० रुपये भाडे पडले. व्हीलचेअर शेवटच्या ‘लाइट’नंतर तीन आठवड्यांनी परत केली आणि अनामत त्याच दिवशी मिळाली. अंघोळीची खुर्ची अजून आमच्याकडेच आहे. एव्हाना भाड्यात नवी आली असती, पण ती घेऊन टाकूया म्हटले की यजमान म्हणतात, ‘पुढच्या महिन्यात परतच करायची आहे.’