अपुऱ्या उजेडात चिखल्या: 150-600 लेन्सबरोबर सहा महिने

ऑक्टोबरात जुनी, वापरलेली 150-600 (150 ते 600 मिमीची झूम लेन्स) घेतली आणि मार्चअखेरपर्यंत जवळपास दर रविवारी संकेश्वराहून हिडकल धरणाच्या पाणफुगवट्यावर नेली. घटप्रभेचं पाणी पावसाळ्यानंतर मागे हटत जातं, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर टिलवे, तुतवार, चिखल्या, शेकाटे असे काठचे पक्षी चरायला उतरतात.

जानेवारीत इथं सातच्या सुमारास उगवतं, त्यात धुकं. नऊनंतर उजेड मुबलक, पण ओल्या चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि पिसांचा तपशील पुसला जातो. म्हणजे काम पहाटेच उरकायला हवं, आणि 600 वर ही लेन्स एफ 6.3 च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). एफ 4 च्या तुलनेत जेमतेम 40 टक्के प्रकाश आत येतो.

पहिले दोन महिने मी 1/1000 सेकंदाचा शटर वेग सोडायला तयार नव्हतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) 12800 वर जायचा आणि घरी येऊन बघावं तर फोटोत सगळा रवा, दाणेदार ठिपके. डिसेंबरात एकदा कॅमेरा बाजूला ठेवून कंठेरी चिखल्याकडे नुसता बघत बसलो. चार-पाच पावलं तुरुतुरु धावतो, गपकन थांबतो, बघतो, मग टिपतो. त्या थांब्यात त्याचं एक पीस हलत नाही. तेवढ्यात 1/125 ला भागतं, आयएसओ 1600 वर येतो आणि डोळ्याभोवतीचं पिवळं कडं स्वच्छ उतरतं. लेन्समधलं स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. म्हणून आता सातला चिखल्या, आणि शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच मारत राहणारा टिलवा साडेसातनंतर, 1/800 ला. काळ्या चिखलावर शेकाट्याची पांढरी छाती जळते, तिथं एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली घेतो. धुक्यात तेवढंच वर.

ट्रायपॉड सोडला. टेलरकडून जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून घेतली, तीत जोंधळे भरले आणि तिच्यावर लेन्स टेकवून पालथा पडून राहतो. शेळ्या राखणारा पोरगा विचारतो, “काका, काय हुडकूलालाय चिखलात?” त्यालाही मागच्या स्क्रीनवर चिखल्या दाखवला. मग तोही शेळ्या लांब वळवून नेऊ लागला, हे त्याचे उपकारच. निपचित पडलं की पक्षी आपणहून जवळ येतो. जवळ आला म्हणून प्रकाश वाढत नाही, पण फोटो कापावा लागत नाही आणि रवा कमी दिसतो. फेब्रुवारीत एक इतका जवळ आला की लेन्स फोकसच घेईना.

खोड्याही आहेत. दाट धुक्यात करड्यावर करडा पक्षी असला की फोकस पुढे-मागे भटकतो; मी पाण्याची कड जिथं पक्ष्याच्या पायाला लागते तिथं धरतो. खांद्याला लटकवली की लेन्सची नळी आपोआप घसरते, लॉक करायला विसरायचं नाही. वजन दोन किलोच्या आसपास, तरी पिशवीवर ते जाणवत नाही.

उगवतीआधी उडते थवे टिपायचे असतील तर ही घेऊ नका, एफ 4 च्या लेन्ससाठी पैसे साठवा. चिखलात तासभर पडून राहायची तयारी असेल तर जुनी मिळाली तरी खुशाल घ्या.