चार आठवडे ब्रेमेन, पंधरा महिने टीसीएस

लेकीला ज्यांच्यामार्फत परदेशी शिकायला पाठवलं होतं त्या एजन्सीचा परवा मेसेज आला. 'मॅडम, मुलीचा अनुभव कसा होता? पाच तारे द्या आणि धाकट्या मुलाच्या प्रोग्रॅमवर ५,००० रुपये सूट मिळवा.' नेमका त्याच आठवड्यात इन्कम टॅक्सचा रिफंड आला, म्हणून लिहायला बसलेच.

हे खरं तर ऑगस्ट २०२४ मध्येच लिहिलं होतं. लेक परत आली त्याच आठवड्यात रागारागाने फोनमध्ये टाइप करून ठेवलं होतं, शेवटी एक तारा. आज ते वाचलं तर निम्मं खोडावं लागलं. उरलेलं निम्मं मात्र तेव्हापेक्षा जास्त खरं वाटतंय.

लेक तेव्हा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. चार आठवड्यांचा समर प्रोग्रॅम, जर्मनीतलं ब्रेमेन, विषय 'नदी आणि शहर'. औंधातल्या ब्रेमेन चौकात सिग्नलला आम्ही आयुष्याचा बराच भाग घालवलाय, पण पुणे आणि ब्रेमेनची जुनी मैत्री आहे आणि चौकाचं नाव त्यावरून पडलंय, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. लेकीला मात्र तिथे पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगितलं.

आता पैशांचं. विमान, डॉर्म, फी, विमा आणि 'स्थानिक प्रवास' मिळून ३,६०,००० रुपये. त्याखाली बिलात आणखी एक ओळ होती: टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घेऊन सरकारकडे भरायचा कर, ५ टक्के, १८,०००. मी विचारलं, हे काय? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'मॅडम, ते परत मिळतं.' कोण देतं, कधी देतं, कसं मागायचं, यावर गप्प. मग म्हणाला, पॅन द्या, जी जाणार तिचं. मी पर्समधून लेकीच्या पॅनची झेरॉक्स काढून दिली. पुढचं सगळं रामायण त्या झेरॉक्समधून निघालं.

व्हिसाचं फार सांगण्यासारखं नाही. ९० दिवसांच्या आतला शेंगेन, तेव्हा फी ८० युरो (आता ९० झालीय), ३०,००० युरोंचं कव्हर असलेला विमा. मोठ्या कोर्सला लागते ती ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच खात्यात अडकवून ठेवायची भानगड लहान मुदतीला लागली नाही. यात एजन्सीने नेमकं काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही. फॉर्म लेकीनेच भरला, फाइल मात्र त्यांची होती. फाइल चांगली होती.

'स्थानिक प्रवास' या सदरात १५० युरो लावले होते, म्हणजे साडेतेरा हजार. तिथे पोचल्यावर कळलं की वर्गातली झाडून सगळी पोरं ४९ युरोंच्या डॉइचलांड-टिकेटवर महिनाभर फिरतायत. बस, ट्राम, लोकल गाड्या, आणि तेही अख्ख्या जर्मनीत. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. बरं, एजन्सीने हिलाही तेच तिकीट काढून दिलं होतं! हे तिकीट दरमहाच्या वर्गणीचं असतं, १० तारखेच्या आत बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ते एजन्सीने बंद केलं नसावं आणि पुढचे ४९ युरो त्यांच्याच खात्यातून गेले असावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

इथपर्यंतचं सगळं एका ताऱ्याचंच होतं. मत बदललं ते २५ जुलैमुळे.

त्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं, पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास, आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. माझी नणंद तिथेच राहते, तळमजल्यावर. आमचा सगळा वेळ फोनाफोनीत चाललेला. जर्मनी साडेतीन तास मागे, त्यामुळे लेक तिकडे मध्यरात्री जागीच होती. दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, तिचं शेवटचं सादरीकरण. विषय होता तिथल्या वेझर नदीचे बांध. तिने एका दिवसात अर्ध्या स्लाइड बदलल्या आणि मुठा घातली. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, आणि शेजारी आत्याच्या पार्किंगमधला फोटो, बोनेटपर्यंत बुडालेली गाडी. सासूबाईंनी १९६१ चा पानशेत धरण फुटल्याचा पूर पाहिलेला. त्या नेहमी म्हणतात, तेव्हा काय कळलं होतं कोणाला, पाणी आलं तेव्हाच कळलं. लेकीने तेही घातलं म्हणे.

शिकवणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: पाणी येणार हे त्या घरातल्या माणसांना किती तास आधी समजलं? लेकीकडे उत्तर नव्हतं. रात्री तिने आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, 'अगं, पहिल्या पायरीला लागलं तेव्हा.'

तिथे वेझरला समुद्राची भरती-ओहोटी लागते, शहराच्या मधोमध पाणी चारेक मीटर वर-खाली होतं. म्हणून बांध. आणि ते सांभाळायला वेगळे बांधसंघ आहेत. बांधाच्या आडोशाला ज्यांची घरं-जमिनी आहेत त्यांनी वर्गणी भरायचीच, मर्जीचा प्रश्न नाही. मला हे फार आवडलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरचे पैसे गोळा करताना मी सेक्रेटरी म्हणून तीन वर्षं काढलीत, त्यामुळे असेल.

तर शिक्षणाला मी पूर्ण गुण देते. रोज चार तास वर्ग, वीस मुलं, आठवड्यातून एकदा नदीवर चिखलात. घरी आल्यावर पोरगी म्हात्रे पुलावरून जाताना खाली बघते. आधी मोबाइलमध्ये बघायची.

क्रेडिटची गंमत वेगळीच. तिकडून ६ ईसीटीएस (युरोपातली क्रेडिटं) आले. जर्मनीत एका ईसीटीएसला स्वाध्याय धरून ३० तास, म्हणजे १८० तासांचं काम. आपल्याकडे थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गातले १५ तास. वर्गातले नुसते ८० तास धरले तरी पाच क्रेडिट व्हावीत, असा माझा साधा हिशेब. कॉलेजात खिडकीवर पहिला प्रश्न आला, 'कोर्स कोड काय?' दुसऱ्या वेळी, 'तासांचं पत्र आणा.' ब्रेमेनच्या समन्वयकांना मेल टाकला, त्याच दिवशी तासवार तक्ता आला. कॉलेजात तो चार महिने पडून राहिला. फेब्रुवारीत दोन क्रेडिट मिळाली. हे जायच्या आधी लेखी घ्यायला हवं होतं. एजन्सीच्या माहितीपत्रकात 'क्रेडिट ट्रान्सफर' असं ठळक छापलं होतं. ते ट्रान्सफर करतं कोण हे छापलं नव्हतं.

आता पुन्हा १८,०००. कंटाळा आला असेल तर इथे थांबा, मला नाही आला.

लेकीच्या वर्गात नागपूरची एक मुलगी होती. तिने विद्यापीठाच्या साइटवरून थेट अर्ज केला, वडिलांनी बँकेत ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा) भरून शिक्षणासाठी म्हणून फी पाठवली, विमानाचं तिकीट स्वतः काढलं. टीसीएस शून्य. कारण शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशांवर तेव्हा सात लाखांपर्यंत तो लागत नव्हता. (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख आहे.) तोच वर्ग, तोच डॉर्म, तीच वेझर. पण एजन्सीने प्रवास, राहणं, फी एका बिलात बांधलं की कायद्याच्या लेखी ती 'परदेशी सहल' होते आणि सहलीला तेव्हा पहिल्या रुपयापासून ५ टक्के होते. म्हणजे एजन्सी कायद्याने बरोबरच होती, हे मला उशिरा समजलं आणि त्याने राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. चार आठवडे नदी शिकून आली आणि सरकारदरबारी ती सहलीला गेली होती.

पैसे लेकीच्या पॅनवर, म्हणून माझ्या किंवा नवऱ्याच्या करातून वळते होईनात. ती वीस वर्षांची, सज्ञान. उत्पन्न शून्य, तरी रिटर्न भरायचं. २६ एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या जमा कराच्या तक्त्यात, १८,००० स्वच्छ दिसत होते, काचेआडच्या मिठाईसारखे. ओळखीच्या सीएंनी १,५०० सांगितले. १८,००० सोडवायला १,५०० कशाला द्यायचे? मीच बसले. मग बँक खातं व्हॅलिडेट होईना: पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, खातं शाळेत असताना उघडलेलं, त्यावर नुसतं नाव-आडनाव. शाखेत तीन खेपा. प्रत्येक खेपेला रिक्षा न करता चालत गेले, नाहीतर रिफंडातून रिक्षाच वजा करावी लागली असती. रिटर्न ऑगस्टमध्ये भरलं, पैसे ऑक्टोबरात आले.

एजन्सीला तीन तारे. एक फाइलला, एक विमानतळावर खरंच माणूस उभा होता त्याला, आणि तिसरा त्या प्रोग्रॅमचं नाव आम्हाला त्यांच्याकडून कळलं म्हणून. ५,००० ची सूट नको. धाकट्यासाठी थेट अर्ज भरायला घेतलाय, ए-२ फॉर्म बँकेतून आणून ठेवलाय.

रिफंड १८,००० आणि वर ६३० व्याज. मी लेकीला म्हटलं, माझ्या खात्यात वळते कर. ती म्हणाली, 'आई, पॅन माझं, खातं माझं, रिटर्नसुद्धा माझंच.' ६३० तू ठेव, असं मी सांगून पाहिलंय. अजून उत्तर नाही.