हाताने गुंडाळलेली शेगडीची कॉइल: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यावर

आमच्या भूम भागात खव्याच्या भट्ट्या लाकडावर चालतात. पण घरचं दोन लिटर दूध आटवायला मंद, एकसारखी आच लागते, म्हणून मी विजेची कॉइलची शेगडी वापरते. बाजारच्या तयार कॉइली लवकर तुटायच्या. उन्हाळ्यात तार आणून कॉइल घरीच गुंडाळली; दिवाळी होऊन गेली, तरी तीच चालू आहे.

तार घ्यायला जाताना लोहचुंबक सोबत न्या. ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमची नायक्रोम तार चुंबकाला चिकटत नाही, लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची कँथल चिकटते. कँथल जास्त उष्णता सोसते, ती वाईट मुळीच नाही. पण चांगली तापून लाल झाली की ठिसूळ होते. कॉइल काढून, ती ज्या खाचांच्या थाळीत बसते ती थाळी पुसून परत बसवायची असेल तर नायक्रोमच घ्या.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर १००० वॅट हवे असतील तर तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५३ ओहमच्या आसपास पाहिजे. २४ गेजची (अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड) नायक्रोम मीटरला साधारण साडेचार ओहम देते, म्हणजे १२ मीटर तार. कापण्याआधी मल्टीमीटर लावून रोध मोजून बघाच. तार आखूड केली तर आच वाढते खरी, पण करंटही वाढतो आणि तार लवकर जळते.

खरं काम वेढ्यांत आहे. ६ मिलिमीटरच्या सळईवर वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळायचं, मग दोन्ही टोकं धरून सावकाश तिप्पट लांब ओढायचं. ओढताना घाई केली की काही वेढे दाटतात, काही फाकतात. दाटलेल्या जागी उष्णता कोंडते, तो तुकडा आधी पांढरट-पिवळा दिसतो आणि पुढे तिथेच तुटतो. म्हणून कॉइल थाळीच्या खाचेत बसवल्यावर शेगडी अंधारात लावून बघावी. सगळीकडे एकसारखा लाल रंग आला पाहिजे. टोकाकडची तार दुहेरी पिळून स्क्रूखाली घ्यायची, म्हणजे तिथे कमी तापते आणि जोड टिकतो.

रात्री शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज १९० वर येतं. तेव्हा हीच कॉइल जेमतेम ६८० वॅट देते. खव्याला ते चालतं, चपात्यांना चालत नाही. चपात्या मी गॅसवरच करते. दूध उतू गेलं तर बंद करून, गार झाल्यावर लगेच साफ करते, कारण जळका थर तारेवर राहिला की ती जागा जास्त तापते.

उघड्या कॉइलमध्ये वीज असते. स्टीलचं पातेलं तिला टेकलं किंवा ओली पळी आत गेली तर झटका बसू शकतो. तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग नसेल, तर ही शेगडी घरात लावू नका. पातेलं चढवताना-उतरवताना बटण बंद ठेवा, लहान लेकरं असतील तर आणखी जपा.