शब्दजोडी कार्डसंच : पाण्याचं कार्ड आधी बाजूला काढा

संडे स्कूलसाठी निघालेल्या या मराठी संचात ‘मीठ : अन्न, शिष्य : ?’ अशा जोड्या आहेत. पुढे प्रश्न, मागे एकच शब्द. गोम तिथेच आहे. उत्तर छापलंय, नातं छापलेलं नाही. म्हणून कार्ड उलटण्याआधी पहिल्या जोडीचं नातं मुलांकडून क्रियापदात काढून घ्यावं. मीठ अन्नाला काय करतं? चव आणतं, टिकवतं. मगच बायबलमधलं मत्तय 5:13 (‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा’) उघडावं. तासाला पाच कार्डं पुरेत. वीस उरकली की नुसती प्रश्नमंजुषा होते.

खमिराचं कार्ड खान्देशात अडतं. रोज कळण्याची भाकरी खाणाऱ्या पोराला खमीर कुठलं ठाऊक? विरजण म्हणा. थोडंसं घातलं की पातेलंभर दूध बदलतं, हे मत्तय 13:33 ला, स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे या दाखल्याला, चपखल बसतं. पण मत्तय 16:6 मध्ये येशू परूशी आणि सदूकी या यहूदी पंथांच्या खमिरापासून, म्हणजे त्यांच्या शिकवणीपासून, जपायला सांगतो. कार्डावर वचन नसल्यामुळे ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. पेन्सिलीनं वचन लिहून ठेवा.

द्राक्षवेलीच्या कार्डाला वेलीऐवजी कापूस घ्यावा. गळफांदी अन्न ओढते, बोंडं फारशी देत नाही, म्हणून कापतात. योहान 15:2 चा पहिला अर्धा भाग शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळतो. फळ देणारी फांदीही छाटतात, या दुसऱ्या अर्ध्यासाठी शेंडा खुडणं जवळचं आहे, तंतोतंत नाही. ‘माझ्यामध्ये राहा’साठी मात्र वेलीवरच परत यावं.

‘आदाम : पाप, ख्रिस्त : कृपा’ ही जोडी ढिली आहे. एकीकडे माणसानं केलेलं, दुसरीकडे देवानं दिलेलं. रोम 5:19 धरून ‘आज्ञाभंग : आज्ञापालन’ अशी दुरुस्त केली की तोल जमतो.

पाणी, बर्फ आणि वाफ हे त्रैक्याचं, म्हणजे एकाच देवातल्या पिता, पुत्र आणि आत्मा या तिघांचं, कार्ड सरळ काढून टाका. तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असतं, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा हे एकाचेच तीन वेष ठरतात. ख्रिस्ती मंडळीनं ही समजूत तिसऱ्या शतकातच नाकारली. मत्तय 3:16-17 वाचा : पुत्र यार्देनेतून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आकाशातून वाणी होतेय, सगळं एकाच वेळी.

मेंढपाळाचं कार्ड छान आहे. फक्त धुळ्यातल्या साक्रीकडची, ठेलारी मेंढपाळांचे कळप पाहिलेली पोरं विचारतातच, ‘मेंढरू शेवटी बाजारात जातं ना?’ तेव्हा योहान 10:11 तयार ठेवा. तिथे जीव मेंढपाळाचा जातो.

पुठ्ठा जाड आहे, अक्षर बारीक. मागच्या सतरंजीवरच्यांना दिसत नाही, तेव्हा जोडी फळ्यावर लिहूनच खेळा.