मॅक्रो लेन्सऐवजी एक्स्टेन्शन ट्यूब: उन्हाळा-पावसाळा वापरून

किडा-मुंगीचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रो लेन्सची किंमत बघून मागे फिरलेल्यांसाठी लिहितोय. नागपूरच्या सीताबर्डीतून १२, २० आणि ३६ मिमीच्या ट्यूबचा सेट आणला आणि कॅमेरा व घरातल्याच ५० मिमी लेन्सच्या मध्ये लावला. आत काच नाही, नुसती पोकळ नळी. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळचं फोकस होतं, एवढंच. वस्तू सेन्सरवर किती पट उमटते याचा हिशोब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ (इथे ५०). एकटी ३६ ची लावली की ०.७२ पट, तिन्ही मिळून १.३६. घ्यायच्या तर कॅमेरा-लेन्स जोडणाऱ्या विजेच्या कॉन्टॅक्टवाल्याच घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) आपल्या हातात राहत नाही.

तिन्ही एकत्र मी आता क्वचितच लावतो. किडा काचेला टेकायच्या बेतात येतो, वर लेन्सचीच सावली. १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते तेव्हा, दोन स्टॉप उजेड आधीच गेलेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि अ‍ॅपर्चर एफ ८ इतकं लहान ठेवूनही शार्प भाग जेमतेम मिलिमीटरभर. त्यामुळे पैसे उरले तर आधी फ्लॅश घ्या. फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर विकत कशाला? पॅकिंगमधल्या पांढऱ्या फोमचा तुकडा पुरतो. ऑटोफोकस बंद करायचा, डाव्या हाताने फांदी धरून त्याच हातावर लेन्स टेकवायची आणि स्वतः केसभर पुढेमागे व्हायचं.

विषय घरातच मिळतात. कुंडीतल्या लिंबावरची अळी लहान असते तेव्हा चिमणीची शिट वाटते. मोठी झाली की हिरवीगार, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते. कूलरच्या ताटीवरचा उड्या मारणारा कोळी तर थेट लेन्सकडे वळून बघतो.

पहिल्या पावसानंतर सेमिनरी हिल्सवर मृगाच्या किड्यासाठी पालथा पडलो होतो. फिरायला आलेल्या एक काकू थांबल्या, "काय हरवलं जी?" या किड्याचा लाल रंग फोटोत फार लवकर जळतो आणि मखमलीचा नुसता डाग उरतो. एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली घेतलं की केस न् केस दिसतो. (पाय मोजा, आठ भरतील. किडा म्हणायचं ते म्हणण्यापुरतं.)

तक्रारी दोन. माउंट, म्हणजे ट्यूबचा जोड, किंचित हलतं, जड लेन्स लावायची हिंमत होत नाही. आणि मे महिन्यात बाहेर ट्यूब बदलली की सेन्सरवर धूळ बसलीच समजा. घरून लावूनच निघा.

फुलपाखरं, चतुर यांच्यासाठी मात्र ५० मिमी नकोच, जवळ जाईस्तोवर उडतात. ५५-२५० झूम असेल तर तिला एकटी ३६ ची लावा, चांगलं हातभर लांबून काम होतं.