लोकगीतांच्या ग्रुपसाठी बेस घ्यायचाय: इलेक्ट्रिक, अकूस्टिक की उभा डबल बेस?

ऑफिसातला एक मुलगा गेले दोन महिने मागे लागलाय, दादा आमच्या भजन-लोकगीतांच्या ग्रुपमध्ये मी बेस (खालचे, खर्जाचे सूर देणारं तारांचं वाद्य) धरणार आहे, कुठला घेऊ सांगा ना, आणि दरवेळी चहाच्या पाच मिनिटांत माझं सांगणं अर्धवटच राहतं. म्हणून आता एकदाच बसून लिहितोय, त्याच्यासारखा अजून कोणी ठरवत असेल तर त्यालाही उपयोग होईल. मी मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टात, प्रॅक्टिस परळला, आणि हौस म्हणून नऊ वर्षं वाजवतोय. इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक बेस माझे स्वतःचे आहेत, डबल बेस एका मित्राचा चार महिने वापरलाय.

आधी आवाजाचं बोलू. लोकगीतं म्हटलं की सगळ्यांना वाटतं लाकडी, पोकळ बॉडीची अकूस्टिक बेस गिटारच शोभेल, मलाही तसंच वाटलं होतं, दिसायलाही ती ढोलकी-पेटीच्या शेजारी छान दिसते. पण ढोलकी आणि संबळाच्या शेजारी ती ॲम्पशिवाय ऐकूच येत नाही हो! सगळ्यात खालची तार, ई, साधारण ४१ हर्ट्झची आहे, आणि एवढा खर्ज हवेत ढकलायला मोठं पोट लागतं, जे डबल बेसला असतं आणि गिटारच्या आकाराच्या बॉडीला नसतं. अर्नी बॉलने १९७२ साली अर्थवूड नावाची अकूस्टिक बेस गिटार काढली तेव्हा तिची बॉडी मुद्दाम अवाढव्य ठेवली होती ती याच कारणासाठी, आज दुकानात मिळतात त्या बहुतेक त्यापेक्षा बऱ्याच लहान असतात. मग काय, पिकअप (तारांचा आवाज वायरीतून ॲम्पला देणारा भाग) असलेली घ्या आणि ॲम्पला जोडा, आणि जोडली की दुसरं दुखणं सुरू, मंडपात ढोलकीचा घुमारा आणि मॉनिटरचा आवाज त्या पोकळ बॉडीत शिरतो आणि हूंऽऽऽ करून फीडबॅक चालू होतो. रबराचं झाकण मिळतं भोकावर बसवायला, त्याने बराच फरक पडतो, मी तेच वापरतो. इलेक्ट्रिकची बॉडी भरीव, त्यामुळे ही कटकट जवळजवळ नाहीच.

पण अकूस्टिकला वाईट ठरवू नका. घरच्या बैठकीत, चार जण गोलात बसून पेटी आणि टाळांवर गाताहेत, ढोलकी हळू हाताने चाललीय, तिथे तिचा आवाज इतका गोड लागतो की इलेक्ट्रिक काढावीशीच वाटत नाही. तुमचे कार्यक्रम असेच असणार असतील तर बिनधास्त तीच घ्या.

आता सुराचा मुद्दा, जो बेस शिकवणारे फारसे सांगत नाहीत कारण ते सगळं ई, ए, डी, जी मध्येच शिकवतात. आपल्याकडे गाणारा येतो आणि पेटीची पट्टी सांगतो, म्हणतो काळी एक, गाणारी म्हणते काळी चार नाहीतर काळी पाच. बेसच्या मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच, म्हणजे काळीवरच्या गायकाला सा-पसाठी एकही मोकळी तार कामाची नाही. पडद्यांची (फ्रेटची) गिटार असेल तर फिकीर नाही, काळी एकचा सा ए तारेवर चौथ्या पडद्यावर आणि त्याच्या खालचा प बरोब्बर शेजारी ई तारेवर चौथ्याच पडद्यावर, एक बोट आडवं टाकलं की दोन्ही हातात. काळी पाचला तेच पहिल्या पडद्यावर. डबल बेसला पडदेच नाहीत, तिथे प्रत्येक सूर कानाने शोधायचा, आणि अमेरिकन किंवा आयरिश लोकसंगीतवाल्यांना जी, डी, ए मध्ये मोकळ्या तारांचा जो आधार मिळतो तो आपल्याला काळी एकमध्ये मिळत नाही. मित्राच्या बेसवर मला फक्त सा-प स्वच्छ लागायला तीन महिने गेले, रोज तासभर. ज्याला एवढा वेळ आहे त्याने जरूर करावं, तो आवाज जमिनीतून पायात चढतो, त्याची सर कशालाच नाही. (अजून एक, बेस ट्यूनरवर नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या मापाला लावून मोकळे होऊ नका, आधी पेटी कुठे बोलते ते बघा, जुन्या पेट्या थोड्या वर किंवा खाली असतात आणि पेटी काही तुमच्यासाठी सुर बदलणार नाही.)

पाच तारांची घ्यावी का? माझं मत नको. खालच्या बी तारेवर काळी एकचा खर्ज मिळतो खरा पण तो ३५ हर्ट्झच्याही खाली जातो, सोसायटीच्या मंडपातले स्पीकर तो देऊच शकत नाहीत, नुसता धुरळा होतो. चार तारा भरपूर.

प्रवास. मुंबईत निम्मा निर्णय इथेच होतो. इलेक्ट्रिक साधारण चार किलोची, बॅगेत घालून पाठीवर उभी धरली की डोक्याच्या वर जाते, दाराशी आणि वरच्या कड्यांना आपटते, म्हणून मी चढताना ती पुढे छातीशी घेतो आणि संध्याकाळी सहा ते आठ फोर्टातून निघतच नाही. अकूस्टिक वजनाला हलकी पण जाड, आणि गर्दीत तिच्या पातळ लाकडाला धक्का लागेल ही भीती सतत डोक्यात. डबल बेस सहा फुटांचा. मालडब्यातून नेला होता एकदा दुपारी, डबेवाल्या काकांनी जागा करून दिली म्हणून निभावलं, एरवी टेम्पोच, आणि टेम्पोचं भाडं प्रत्येक कार्यक्रमाला कोण देणार? घर लहान असेल, हात लहान असतील तर ३० इंची शॉर्ट स्केल (म्हणजे तारेची लांबी कमी असलेली) इलेक्ट्रिक बघा, नेहमीची ३४ इंची असते, चार इंचांनी ट्रेनमध्येही आणि बोटांनाही खूप सुटसुटीत वाटतं.

घरी रियाझ करताना इलेक्ट्रिकला हेडफोन लावता येतो, हा शेजारधर्माचा मोठा फायदा आहे, खर्ज भिंतीतून आरपार जातो आणि रात्री दहानंतर तर विचारायलाच नको.

पावसाळा तिघांनाही छळतो. जून-जुलैत मान वाकते, तारा पडद्यांपासून वर जातात, अचानक बोटं दुखायला लागली की समजायचं. इलेक्ट्रिकची मान ॲलन कीने पाव-पाव फेरा फिरवून जागेवर आणता येते, अकूस्टिकची मानही तशीच पण तिचं वरचं लाकूडही फुगतं ते कीने जात नाही. मित्राच्या डबल बेसचा तर एसी हॉलमधून आल्यावर कडेचा सांधाच सुटला होता. तारा मी फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत गुंडाळलेल्या) लावतो, महाग पडतात पण घामाने-दमटपणाने लवकर मरत नाहीत, आणि आवाज जरा बोथट असतो तो ढोलकीखाली फार सुंदर बसतो. लोकगीतांसाठी इलेक्ट्रिक घेऊन पहिला खर्च करायचा तर इथे करा.

कार्यक्रमांचं म्हणाल तर हौशी माणसाला गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कोजागिरी, सोसायटीचे वर्धापनदिन, कोणाच्या घरचं जागरण-गोंधळ, एवढंच मुख्य. पाकीट लहान, शाल-नारळ, आणि जेवण मात्र पोटभर. बहुतेक ठिकाणी साउंडवाल्याकडे बेसचा ॲम्प नसतोच, थेट मिक्सरला वायर. म्हणून मोठा ॲम्प विकत घेऊच नका, एक डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची छोटी डबी) किंवा हेडफोन आणि डीआय दोन्ही असलेला छोटा प्रीॲम्प घ्या, आणि साउंडवाल्या दादाला आधीच हात जोडून सांगा की अगदी खालचं थोडं कापा आणि मधलं थोडं द्या, त्या उभ्या कॉलम स्पीकरवर बेस ऐकू यायचा असेल तर मधल्यातूनच येतो.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय ती सांगतो. कोजागिरीची रात्र, गच्ची, दुपारी साउंड चेक करून मी वायर गिटारमध्येच ठेवून घरी जेवायला गेलो. ॲक्टिव्ह सर्किटच्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि जॅक आत असेपर्यंत ती चालूच राहते, हे माहीत असूनही. बॅटरी जुनी होतीच. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज फाटला, मग गेला. ढोलकीवाल्या काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची दोन कडवी डावा हात असा काही घुमवला की खालची जागा रिकामी वाटलीच नाही. खाली उतरल्यावर त्यांच्या पाया पडलो. तेव्हापासून नवी बॅटरी बॅगेच्या पुढच्या खिशात आणि वाजवून झालं की आधी वायर बाहेर. विसराळू असाल तर बॅटरीच नसलेली पॅसिव्ह घ्या, उदाहरणार्थ यामाहाची टीआरबीएक्स १७४, तिला बॅटरी लागतच नाही.

पैशांचं ढोबळ सांगायचं तर सुरुवातीची बरी नवी इलेक्ट्रिक १५ ते २५ हजारांत, पिकअपवाली अकूस्टिक साधारण त्याच घरात किंवा थोडी वर, डबल बेसला मात्र लाखाची तयारी ठेवा. सेकंडहँड घेणार असाल तर बॉडीच्या टोकाकडून मानेवर एक डोळा लावून बघा पिळलीय का, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा, नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ते स्वस्तात साफ होतं, जॅक-वायर लॅमिंग्टन रोडला मिळतात. मान पिळलेली असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

त्या मुलाला मी इलेक्ट्रिक, चार तारा, पॅसिव्ह, फ्लॅटवाउंड हेच सांगणार आहे. येत्या शनिवारी धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन दोन-तीन हातात धरून बघू. तिथे स्टुलावर बसून नाही, पट्टा लावून उभं राहून दहा मिनिटं काळी एकचा सा-प वाजवायचा, डावा खांदा दुखला तर शॉर्ट स्केल मागायची.