हळदीच्या मांडवातून दिवाणखान्यात: सोलापुरी चादरी, खण आणि बाकीचं सामान, आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न झालं. लग्न कार्यालयात, पण हळद जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच करायची, हे आईने आधीच ठरवलं होतं. डेकोरेटरने नुसत्या हळदीच्या सजावटीचे ३२ हजार सांगितले, तेही संध्याकाळी सगळं सामान परत नेण्याच्या बोलीवर. मला ते पटेना. घराला नुकताच रंग दिला होता, दिवाणखान्यात धड पडदे नव्हते, आणि एवढे पैसे एका दुपारीत संपणार होते. म्हणून घरात सांगून टाकलं की फुलं सोडली तर हळदीसाठी जे आणू ते पुढे घरात वापरता आलं पाहिजे. सगळं मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास खर्च आला. आता ऑक्टोबर चालू आहे. काय टिकलं आणि काय फुकट गेलं, ते लिहिते.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, पिंटरेस्टवर शेकडो फोटो साठवले. त्यातले बहुतेक काढून टाकावे लागले, कारण ते मोठ्या हॉटेलांच्या लॉनवरचे होते, आमची गच्ची १८ बाय २२ फुटांची. पुढे एक युक्ती सापडली. ज्या फोटोतल्या वस्तू बोटांवर मोजता येतात तेवढेच ठेवायचे. दोन पडदे, एक झोपाळा, पाच माठ, संपलं. असा फोटो आपल्या जागेत उतरतो. दुसरं म्हणजे, गच्चीच्या कोपऱ्याचा फोटो हळदीच्याच वेळी, सकाळी ११ वाजता काढून पाहिला. पाहुण्यांकडून आणलेला पिवळ्या नेटचा पडदा लावला तर उन्हात त्याचा पिवळा उजेड तोंडावर पडत होता आणि माणसं आजारी दिसत होती. पिवळा पडदा तिथेच रद्द केला. हळदीचा पिवळा अंगावर असतोच, मागे फिका रंग हवा.

कल्पना फोनमधूनच येतात असंही नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला सगळे गेलो होतो. सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्यांचा साज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, संमती कट्ट्यावर अक्षता. सिद्धेश्वर आणि कुंभारकन्येच्या प्रतीकात्मक विवाहाची ही यात्रा, म्हणजे हाही लग्नसोहळाच. आईने तिथेच म्हटलं, ‘बांबूला साज चढवला की मांडव कशाला हवा?’ आम्ही गच्चीच्या दोन बाजूंना दोन उंच बांबू उभे केले, झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि वर खारीक-खोबऱ्याचे हार सोडले. फोटोत सगळ्यात उठून दिसले ते हेच. हार नंतर सोडवून डिंकाच्या लाडवांत घातले.

आता चादरी. सहा घेतल्या, मयूरपंखी नक्षीच्या, मरून आणि क्रीम, प्रत्येकी ५५० रुपये. मागचा पडदा म्हणून तीन चादरी बांबूंवर टांगल्या, दोन बैठकीवर घातल्या, एक जिन्याच्या तोंडाशी लावली. पडद्यासाठी चादर घेण्याचं कारण असं की ही दोन्ही बाजूंनी चांगली दिसते. जकार्ड मागावर भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेवरून कोणता उभा धागा वर उचलायचा ते ठरतं. दोन रंगांचे थर नक्षीच्या जागी आपली जागा बदलतात. त्यामुळे समोरून मरूनवर क्रीम मोर दिसतो, तर मागून क्रीमवर मरून. गच्चीवर लोक पडद्याच्या दोन्हीकडे वावरतात, अस्तर लावायची गरजच पडली नाही. जड असल्याने वाऱ्याने फडफडलीही नाही. फक्त दोरीला साध्या चिमट्यांनी लावू नका, घसरते. वरची कडा चार बोटं दुमडून शिवून घेतली आणि त्यातून बांबूच सरकवला.

घेताना नीट पाहून घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्याच नावाने बाहेरचा माल विकला जातो. आम्ही दुकानदाराला सांगून काठाचा एक धागा जाळून पाहिला. सुताचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने मरून भाग घासूनही पाहिला, किंचित गुलाबी आला. म्हणून पहिल्या तीन धुण्यांत एकेक चादर वेगळी, थंड पाण्यात धुतली.

आठ महिन्यांनी दोन चादरी दिवाणखान्यात पडदा म्हणून आहेत, एक दिवाणावर, एक माझ्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर. दोन बहीण सासरी घेऊन गेली. धुतल्यावर लांबीला चांगली वीतभर आटली, त्यामुळे पडद्याला तेवढं जास्तीचं माप धरा. आमची खिडकी पश्चिमेची. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरच्या बाजूचा मरून विटकरी झाला. जूनमध्ये पडदा उलटा केला, आता बाहेरून नव्यासारखा दिसतो. एकाच बाजूची नक्षी असलेल्या पडद्याला हे जमलं नसतं. फोडणीचा वास मात्र धरून ठेवतो, स्वयंपाकघराजवळ लावू नये.

खण नवी पेठेतून घेतला, १४ मीटर, मीटरला १२० रुपये. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा अस्सल हातमागाचा खण याहून बराच महाग असतो, हा यंत्रमागाचा होता. त्याची तोरणं, रुखवताच्या टेबलाची पट्टी आणि आठ अभ्रे शिवले. दिसतो फारच सुंदर, काठामुळे साधी उशीही सजते. पण कापलेली कड लगेच सुटते. शिवणवाल्या काकूंनी आधी इंटरलॉक, म्हणजे कड सुटू नये म्हणून मशीनवर धाग्यांनी गुंफून घ्यायला सांगितलं होतं, घाईत फक्त पिको केला, आणि तीन महिन्यांत दोन अभ्र्यांचे धागे निघाले. नंतर केलेले इंटरलॉकचे चारही अजून शाबूत आहेत. सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा पदर मात्र मी कापू दिला नाही. तो तसाच लांब चौकटीत बसवून देवघराशेजारी लावलाय. घरात येणारा माणूस आधी तिथे थांबतो.

माठांबद्दल थोडक्यात: कुंभाराकडून ४० लहान मडकी आणली, चुन्याने रंगवली. निम्मी पाहुण्यांनी नेली, उरलेल्यांत गॅलरीत मनीप्लांट आणि तुळशीची रोपं आहेत. बुडाला भोक पाडताना सात फुटली. आधी रात्रभर पाण्यात भिजवली तर कमी फुटतात.

फसलो ते दोनच ठिकाणी. एका ऑनलाइन दुकानातून कृत्रिम झेंडूच्या माळा २,८०० रुपयांच्या मागवल्या. फोटोत मुठीएवढी दिसणारी फुलं हातात आली तेव्हा सुपारीएवढी होती, आणि परत घ्यायला त्यांनी नकार दिला. गच्चीवरच्या उन्हात रंग उडाला, आता त्या पोत्यात आहेत. तेवढ्यात खरा झेंडू भरपूर आला असता. दिव्यांच्या चार माळांपैकी दोन पहिल्या पावसात बंद पडल्या. बाहेर लावायच्या असतील तर तशी नोंद खोक्यावर आहे का ते बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

मार्गशीर्षात मामेबहिणीची हळद आहे. मामींनी चादरी आणि खणाची तोरणं मागितली आहेत. तोरणाची तीन टोकं उसवली आहेत, ती दिवाळीआधी काकूंकडे टाकायची आहेत, या वेळी इंटरलॉक करूनच.